बाँडला नवा चेहरा द्या, नवं बालपण नको

प्रति,
एमी पास्कल व डेव्हिड हेमन (निर्माते), डेनी विलनव्ह (दिग्दर्शक), स्टीव्हन नाइट (लेखक)
अ‍ॅमेझॉन एमजीएम स्टुडिओज

स. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे, त्यामुळे तुमच्यापर्यंत पोचण्याची शक्यता कमीच. पण आमच्याकडे पंतप्रधानांपासून क्रिकेट बोर्डापर्यंत सगळ्यांना अशी खुली पत्रं लिहायची रीत आहे. ज्याच्या नावाने लिहायचं तो सोडून बाकी सगळे ती वाचतात. तेव्हा तुम्ही वाचलं नाहीत तरी माझा राग नाही.

2025 च्या फेब्रुवारीत बार्बरा ब्रॉकली आणि मायकल विल्सन यांनी जेम्स बाँडच्या चित्रपटांची सूत्रं तुमच्या कंपनीच्या हाती दिल्याचं जाहीर झालं. बार्बराबाईंचे वडील अल्बर्ट ब्रॉकली आणि त्यांचे भागीदार हॅरी सॉल्टझमन यांनी 1961 मध्ये इऑन ही कंपनी काढली, तेव्हापासून बाँड हा एका घरातला कारभार होता. मग मार्चमध्ये निर्माते म्हणून तुम्हा दोघांची नावं आली, जूनमध्ये विलनव्ह यांचं आणि जुलैअखेर नाइट यांचं. लोकांना रस आहे तो नट कोण यात. त्यावर इंग्लंडात पैजा लागतात, आमच्याकडे चहाच्या टपरीवर वाद होतात.

मी कोणाची शिफारस करायला हे लिहीत नाही. नट तुम्ही कोणीही घ्या. तो गोरा असावा की काळा, यावर मला काही म्हणायचं नाही. ‘बाँड इंग्रजच हवा’ असं म्हणणाऱ्यांनी जरा यादी पाहावी: कॉनरी एडिंबराचा स्कॉटिश, लेझनबी ऑस्ट्रेलियन, डाल्टन वेल्समध्ये जन्मलेला, ब्रॉस्नन आयरिश. सहा जणांत इंग्लंडचे म्हणावेत असे मूर आणि क्रेग एवढे दोघंच. खुद्द इयन फ्लेमिंगने 1964 च्या कादंबरीत बाँडचा बाप ग्लेन्कोचा स्कॉट आणि आई स्विस ठरवली होती. माझी तक्रार चेहऱ्याबद्दल नाहीच. चेहरा बदलताना आतला माणूस काढून त्या जागी दुसराच बसवायचा, हा जो प्रकार 2006 पासून सुरू झाला, त्याबद्दल आहे.

नाराजीचं म्हणाल तर ती आमच्या घरात वडिलोपार्जित आहे. वडिलांचा बाँड शॉन कॉनरी. कॉलेजच्या काळात मुंबईत राहायचे तेव्हा दक्षिण मुंबईतल्या थिएटरांत त्याला बघितलेला. डॉ. नो मधला तो पहिला प्रवेश त्यांना तपशीलवार पाठ: लंडनचा क्लब, पत्त्यांचं टेबल, आधी नुसते हात दिसतात, समोरची बाई नाव विचारते, हा सिगारेट पेटवता पेटवता आपलं नाव सांगतो. संपलं. कोण, कुठला, आई-बाप काय करतात, काही नाही. मला बाँड भेटला तो रॉजर मूरच्या रूपात, गणपतीत मंडळाने भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर, आणि तोही असा की चुंबन जवळ आलं रे आलं की कार्यकर्ता कॅसेट पुढे पळवायचा. ती पांढरी लोटस गाडी समुद्रात शिरते आणि पाण्याखाली चालायला लागते, तेव्हा आख्ख्या चाळीने टाळ्या वाजवल्या होत्या. वडील मागे खुर्चीवर बसून म्हणाले, “हा बाँड नव्हे, बाँडचा मेहुणा. वरातीला न्यायला चांगला.” धाकट्या भावाचा बाँड ब्रॉस्नन, केबलवर हिंदी बोलणारा. भाचीचा डॅनियल क्रेग. प्रत्येकाला पुढचा बाँड पडेल वाटला आणि प्रत्येकाने तो बघितलाच.

बघितला, कारण त्या नाराजीच्या खाली एक करार होता. नट बदलेल, माणूस तोच राहील. आम्हा मराठी प्रेक्षकांना हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या रंगभूमीवर 1970 मध्ये डॉ. लागूंनी अप्पासाहेब बेलवलकर उभे केले, पुढे दत्ता भट आले, सतीश दुभाषी आले. लोक नाटकाआधी कुरकुरायचे, मध्यंतरात तुलना करायचे आणि तिसऱ्या अंकात रडायचे. पण नवा नट आला म्हणून अप्पासाहेबांना नवं लहानपण लिहून द्यावं, असं कोणाच्या मनात आलं नाही.

तुमच्याकडेही हाच करार होता, आणि तो कसा पाळला गेला ते एका बाईच्या गोष्टीवरून सांगतो. 1969 साली कॉनरी बाजूला झाला आणि जॉर्ज लेझनबी नावाच्या मॉडेलला बाँड केलं. त्याने आयुष्यात एकही मोठी भूमिका केली नव्हती. चित्रपटाच्या सुरुवातीलाच तो एका बाईला वाचवतो आणि ती त्याला टाकून निघून जाते. तेव्हा तो जवळजवळ प्रेक्षकांकडे बघत म्हणतो, आधीच्या गड्याबरोबर असं कधी झालं नव्हतं. एका वाक्यात बदल कबूल करून टाकला आणि पुढे गेले. त्याच चित्रपटात बाँड ट्रेसीशी लग्न करतो आणि लग्नाच्याच दिवशी, रस्त्याच्या कडेला, ती गोळीने मरते. लेझनबी एका चित्रपटानंतर गेला. ट्रेसी मात्र गेली नाही. 1977 मध्ये रशियन हेर बाई मूरच्या बाँडला त्याच्या बायकोची आठवण करून देते आणि तो तिला तिथेच थांबवतो. 1981 मध्ये मूर फुलं घेऊन तिच्या थडग्यापाशी उभा राहतो, दगडावर साल कोरलंय 1969. 1989 मध्ये मित्राच्या लग्नात डाल्टनचा चेहरा पडतो आणि मित्र आपल्या नवरीला सांगतो की त्याचंही लग्न झालं होतं, फार पूर्वी. 1999 मध्ये कोणी जवळचं गमावलंय का, असं एक बाई ब्रॉस्ननला विचारते आणि तो उत्तर देत नाही.

मूर, डाल्टन, ब्रॉस्नन. यांच्यापैकी कोणी पडद्यावर ट्रेसीला भेटलेलंच नव्हतं! तरी तिघांच्या चेहऱ्यावर तीच बाई होती. वयाचा हिशेब करायला गेलं तर सगळंच कोसळतं. 1962 मध्ये पस्तिशीचा असलेला माणूस 2002 मध्ये पंचाहत्तरीचा हवा. कोणी हिशेब केला नाही. अ व्ह्यू टू अ किल च्या वेळी मूर सत्तावन्न वर्षांचा होता, ते मात्र सगळ्यांना दिसलं, पण ती वेगळी गोष्ट. गंमत अशी, की मूर कॉनरीपेक्षा तीन वर्षांनी मोठा. म्हणजे ‘नवा’ बाँड जुन्यापेक्षा थोरला होता आणि तेही चाललं.

इथे माझी भाची मला अडवेल. ती म्हणेल, मामा, मग डाय अनदर डे मधली ती अदृश्य गाडीपण चालली का तुला? नाही चालली. 2002 पर्यंत गाडं चिखलात रुतलं होतं हे खरं आहे. त्याच वर्षी जेसन बोर्न हा दुसरा गुप्तहेर पडद्यावर आला, अमेरिकेतला हल्ला होऊन वर्षच झालं होतं आणि आमचा हिरो संगणकावर काढलेल्या लाटेवर पॅराशूट घेऊन तरंगत होता. शिवाय फ्लेमिंगच्या 1953 च्या पहिल्याच कादंबरीचे हक्क इतकी वर्षं इऑनकडे नव्हते. सोनी आणि एमजीएम यांच्यातला दावा 1999 मध्ये मिटला तेव्हा कुठे ते हाती आले. तेव्हा कसिनो रॉयल करणं आणि ती मुळाबरहुकूम करणं, यात काही चूक नव्हती. उत्तम चित्रपट आहे. 2005 च्या ऑक्टोबरात क्रेगला थेम्समधून स्पीडबोटीत बसवून पत्रकारांपुढे आणलं, तर त्याचे सोनेरी केस आणि अंगावरचं लाइफ जॅकेट यांवरून वर्तमानपत्रांनी त्याला फाडून खाल्लं. तो राग फुकट गेला. केसांत काही अडचण नव्हतीच.

अडचण होती ती पाटी कोरी करण्यात. या बाँडने आत्ताच पहिले दोन खून केलेत, आत्ताच त्याला झिरो झिरो मिळालेत. म्हणजे ट्रेसी नाही, थडगं नाही, मागचे वीस चित्रपट नाहीत. बरं, पाटी कोरी केलीत तर कोरी ठेवा! पण बाँडच्या साहेब, म्हणजे ‘एम’, ज्युडी डेंचच राहिल्या, ज्यांनी 1995 मध्ये ब्रॉस्ननला शीतयुद्धाचा उरलासुरला अवशेष म्हणून झापलं होतं. आणि ती अ‍ॅस्टन मार्टिन? कसिनो रॉयल मध्ये बाँड ती बहामात पत्त्यांच्या डावात जिंकतो. स्कायफॉल मध्ये तो गोदामातून तीच जुनी गाडी बाहेर काढतो तर तिला 1964 च्या गोल्डफिंगर मधल्या बंदुका आणि माणूस छपरातून उडवणारी सीट, सगळं बसवलेलं! थिएटरात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पण ही गाडी कोणाची? कॉनरीची. ज्याला तुम्ही खोडून टाकलं होतं त्याचीच. स्वतःच्या जोरावर उभं राहायचं म्हणून वेगळं बिऱ्हाड केलं आणि सणाला भांडी मात्र जुन्या घरातून आणली, त्यातली गत.

माझ्या तक्रारीचं मूळ याच्याही पुढे आहे. क्रेगच्या पहिल्या दोन चित्रपटांत बाँड नवखा आहे, चुकतो, चिडतो, शिकतो. मार्टिनी हलवलेली हवी की ढवळलेली विचारलं तर ‘मला काय फरक पडतो’ म्हणतो. तिसऱ्यात, म्हणजे स्कायफॉल मध्ये, त्याचा हात थरथरतो, नेम चुकतो, वैद्यकीय चाचणीत तो नापास होतो, तुझे दिवस संपले असं त्याला आडून सुचवलं जातं. चौथ्यात नोकरी सोडून जातो. पाचव्यात निवृत्त आहे आणि शेवटी मरतो. मला सांगा, तो बाँड कधी होता? नवखा होता, म्हातारा होता. या दोन्हींमधली वीस वर्षं, ज्यात माणूस आपल्या कामात पक्का असतो, सकाळी फाइल मिळते, संध्याकाळी विमान असतं आणि मधे दोन विनोद होतात, ती वीस वर्षं कुठे गेली? जुन्या वीस चित्रपटांत फक्त तीच होती. सुरुवात नव्हती आणि शेवट नव्हता. नुसता मधला भाग. पंधरा वर्षांत पाच चित्रपट करून तुमच्या आधीच्या मंडळींनी सुरुवात दाखवली, शेवट दाखवला आणि मधला भाग गाळला.

आमच्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड. पिढ्या वाचत मोठ्या झाल्या. झुंजारच्या बालमनावर कोणता आघात झाला होता, हे एकाही वाचकाने पत्र लिहून विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तो यायचा, प्रकरण निपटायचा, पुढच्या महिन्यात पुन्हा यायचा.

आणि आता स्पेक्टर. या चित्रपटाबद्दल बोलताना माझा आवाज चढतो, तेवढं सांभाळून घ्या.

ब्लोफेल्ड हा बाँडचा सगळ्यात मोठा शत्रू. मांजर कुरवाळत बसलेला, सुरुवातीला तर चेहराही न दिसणारा. त्याचे हक्क थंडरबॉलच्या कथेवरून तिचे एक सहलेखक केव्हिन मॅक्लोरी यांच्याशी झालेल्या भांडणात अडकले होते. त्यामुळे 1971 नंतर इऑनला त्याचं नावही घेता येईना. 1981 मध्ये चाकाच्या खुर्चीतला एक टकलू, मांडीवर पांढरं मांजर, हेलिकॉप्टरने उचलून कारखान्याच्या धुराड्यात टाकला, पण त्याला नाव दिलं नाही. समजणाऱ्याने समजून घ्यावं. शेवटी 2013 मध्ये तडजोड झाली आणि ब्लोफेल्ड घरी परत आला. चाळीस वर्षं वाट बघितलेला खलनायक! आणि त्याचं काय केलं? त्याला बाँडचा मानलेला भाऊ केलं. आई-बाप गेल्यावर लहानग्या जेम्सला ज्याने आधार दिला त्या माणसाचा हा मुलगा. बापाने परक्या पोराला जास्त जीव लावला म्हणून याने बापाला मारलं, जगभर पसरलेली गुन्हेगारी संघटना उभी केली आणि मागच्या तीन चित्रपटांतल्या सगळ्या भानगडी बाँडला त्रास व्हावा म्हणून केल्या.

भाऊबंदकी! साऱ्या जगाला वेठीला धरणारा माणूस, आणि मूळ कारण काय, तर बाबांचा लाडका तू होतास. आमच्याकडे यावर दिवाणी न्यायालयं चालतात, त्यासाठी गुप्तहेर लागत नाही.

फ्लेमिंगने ओबरहाउझर हे नाव लिहिलं होतं हे मला ठाऊक आहे. त्याच्या एका कथेत या नावाचा माणूस आहे, त्याने पोरवयातल्या बाँडला बर्फावर घसरायला शिकवलेलं असतं, आणि बाँड त्याच्या खुन्याला शोधत येतो. दोन-चार ओळींत सांगून फ्लेमिंग मोकळा होतो. आई-बाप गिर्यारोहणात गेले, हेही त्याने अकरा वर्षं लिहून झाल्यावर, बाँड मेला असं समजून छापलेल्या मृत्युलेखात, ओझरतं सांगितलंय. तुमच्या मंडळींनी मात्र स्कायफॉल मध्ये स्कॉटलंडातलं वडिलोपार्जित घर दाखवलं, घराखालचं भुयार दाखवलं, आई-बाप गेल्यावर तो त्यात दोन दिवस लपून बसला होता हे म्हाताऱ्या रखवालदाराकडून वदवून घेतलं. घर बघायला सुंदर आहे, कॅमेरा तर अप्रतिम. पण तेव्हापासून बाँडचं काम ही त्याची नोकरी राहिली नाही. प्रत्येक खलनायक त्याचा, त्याच्या साहेबांचा किंवा त्याच्या घरचा निघू लागला. पूर्वी जग धोक्यात असायचं.

त्या स्पेक्टर ला आमच्या सेन्सॉर मंडळाने 2015 मध्ये चुंबनं निम्मी करून सोडलं होतं. देशभर हसू झालं, ‘संस्कारी बाँड’ म्हणून विनोद फिरले. आमच्या मंडळातला तो व्हीसीआरवाला कार्यकर्ता मला तेव्हा फार आठवला. पण खरं सांगतो, त्या कात्रीने बाँडचं काही बिघडलं नाही. त्या भावाने बिघडवलं.

मग 2021. करोनामुळे दीड वर्ष पुढे ढकलत ढकलत नो टाइम टू डाय आला. बेटावर क्षेपणास्त्रं पडतात आणि जेम्स बाँड मरतो. भाची शेजारी बसून रडत होती, आणि तिच्या रडण्याला मी हसणार नाही. तिच्या बाँडचं तसंच व्हायचं होतं, पाच चित्रपट त्याच उताराला लागले होते. पोर, विषारी बाग, या गोष्टीही हवेतून आलेल्या नाहीत. फ्लेमिंगच्या त्याच 1964 च्या कादंबरीत जपानातली विषारी बाग आहे आणि शेवटी बाँडच्या नकळत त्याचं मूल पोटात वाढवणारी बाईही आहे. पण फ्लेमिंगने तिथे त्याला मारलं नाही. स्मृती घालवली आणि पुढच्या पुस्तकात कामावर परत आणला. तुमच्याकडे तो मेला, श्रेयनामावली संपली आणि नेहमीप्रमाणे पडद्यावर अक्षरं आली, जेम्स बाँड परत येईल. कोणता? जो होता तो तर तुकडे होऊन समुद्रात गेला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य मला कंपनीची जाहिरात वाटलं.

म्हणून तुम्हा चौघांना पत्र. तुमच्यापैकी प्रत्येकाने हे कोडं एकदा तरी सोडवलेलं आहे, हे मला माहीत आहे.

पास्कलबाई, तुमच्या स्पायडरमॅनचंच घ्या. 2002 मध्ये टोबी मॅग्वायर आला, कोळी चावला, काका मेले. 2012 मध्ये अँड्र्यू गारफील्ड आला, पुन्हा कोळी, पुन्हा काका. दहा वर्षांत तीच सुतकं दोनदा! गारफील्ड बिचारा चांगला होता, पण लोक कंटाळले होते. 2016 मध्ये टॉम हॉलंडला आणलंत तेव्हा कोळीही चावला नाही आणि काकांचा विषयही नाही. पोरगा आला तो थेट दुसऱ्यांच्या भांडणात उडी मारून. पाच मिनिटांत लोकांनी त्याला आपलं म्हटलं.

हेमनसाहेब, तुमच्या हॅरी पॉटरमधल्या जादूच्या शाळेचे मुख्याध्यापक रिचर्ड हॅरिस 2002 मध्ये वारले. तिसऱ्या चित्रपटात त्याच दाढीमागे मायकल गॅम्बन आले. कोणी काही समजावलं नाही. थोडे वेगळे बोलायचे, जरा जास्त चिडायचे, यावर पोरं अजून वाद घालतात. पण डम्बलडोर तेच राहिले. एवढंच करायचंय. तुम्ही केलेलं आहे.

विलनव्हसाहेब, तुम्ही ब्लेड रनर पस्तीस वर्षांनी पुढे नेलात तेव्हा हॅरिसन फोर्डला त्याच्या सुरकुत्यांसकट आत घेतलंत, मागचं काही पुसलं नाहीत. तुमच्या ड्यून मधल्या वाळवंटाबद्दल मला आदर आहे. फक्त एक भीती आहे. तुमच्या चित्रपटांत लोक फार कमी हसतात. बाँडला हसू येतं. माणूस मारून झाल्यावर येतं, हे वाईट आहे, पण येतं. कॉनरीच्या भिवईत होतं, मूरच्या तर अंगभर होतं. ते काढलंत तर उरेल तो चांगल्या शिंप्याकडचा सूट घातलेला एक दुःखी खुनी.

आणि नाइटसाहेब, सगळी मदार तुमच्यावर. पीकी ब्लाइंडर्स मधला बर्मिंगहॅमचा तो टोपीवाला टोळीप्रमुख तुम्ही लिहिलात. पहिल्या महायुद्धात भुयारं खणून आलेला, रात्री भिंतीतून कुदळींचे आवाज ऐकू येणारा. ग्रेट काम. जखमी पुरुष तुमच्याइतका चांगला क्वचित कोणी लिहितो. म्हणूनच हात जोडून सांगतो, याला जखम देऊ नका. जखमा मिळून झाल्यात. ट्रेसी झाली, कसिनो रॉयल मधली व्हेस्पर झाली, आई-बाप झाले, मानलेला भाऊसुद्धा झाला. याला काम द्या. साहेबांच्या खोलीत जाऊन फाइल घेऊ दे, जाता जाता साहेबांच्या सेक्रेटरी मनीपेनीशी दोन शब्द बोलू दे, हत्यारं-यंत्रं पुरवणाऱ्या क्यूच्या टेबलावरची वस्तू हात लावू नको म्हटल्यावर उचलू दे. डेस्मंड लेवेलिन क्यूचं काम 1963 पासून 1999 पर्यंत करत होते, त्यांच्यासमोर पाच बाँड होऊन गेले आणि ते प्रत्येकाला त्याच सुरात रागावले. पाचही जण एकच माणूस आहेत, हे आम्हाला त्यांच्या रागावरून कळायचं.

ट्रेसीचं थडगं परत आणा असा माझा हट्ट नाही. निदान याचं अमुक साली असं झालं होतं म्हणून हा असा, ही ओळ तेवढी लिहू नका. पहिल्या प्रसंगात तो दिसेल तेव्हा आधीपासून बाँड असू दे. दारातून आत येऊ दे आणि आम्ही बघू, कोण आहे ते.

जाता जाता कंपनीलाही एक सांगतो. 2025 च्या ऑक्टोबरात तुमच्या प्राइम व्हिडिओवर जुन्या बाँडपटांची नवी चित्रं लागली, त्यांतल्या नटांच्या हातातली पिस्तुलं पुसून टाकलेली. कोणाचा हात नुसताच छातीवर, कोणाचा हवेत लांबलेला. ओरड झाली तेव्हा ती चित्रं बदलली. काम बारीक होतं, कोणा कनिष्ठाने केलं असेल. पण ज्याच्या परवान्याचंच नाव मारण्याचा परवाना, त्याच्या हातातलं पिस्तूल आपल्याला नकोसं वाटत असेल, तर आधी आपापसात बसून हा माणूस आपल्याला आवडतो का, हे ठरवून घ्या. नसेल आवडत तर दुसरं कोणी निर्माण करा, मनापासून शुभेच्छा. हा नको.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक मूरवाला (वडील कॉनरीवाले, भाची क्रेगवाली)

ता. क. पुन्हा भारतात चित्रीकरणाला आलात तर स्वागत आहे. ऑक्टोपसी मध्ये उदयपुरात रिक्षांचा पाठलाग होता, आपल्या विजय अमृतराजने टेनिसच्या रॅकेटने गुंड बडवले होते, कबीर बेदी विमानाच्या पाठीवर चढले होते. ते सगळं मला आजही आवडतं. पुंगीवर बाँडची धून वाजवणारा गारुडी, निखाऱ्यांवर चालणारे, तलवार गिळणारा आणि वर ‘यात तुझी काही आठवड्यांच्या करीची सोय झाली’ असं म्हणत हातात नोटा कोंबणं, हे मात्र या वेळी वगळा. रिक्षा ठेवा.